कुराण आपल्यापर्यंत कसं पोचलं? सारखे विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरतात. एकात असतं, चौदाशे वर्षांत एक नुक्ताही, म्हणजे अक्षरावरचा ठिपकाही, बदललेला नाही. दुसऱ्यात असतं, प्रेषित मुहंमद गेल्यावर दोनशे वर्षांनी कुणीतरी बसून सगळं लिहून काढलं. दोन्ही जोरात शेअर होतात आणि दोन्ही पाठवणाऱ्यांनी सहसा एकही जुनं पान पाहिलेलं नसतं. कुराण ईश्वराचं की नाही हा श्रद्धेचा भाग, त्यात इथे शिरत नाहीये. मजकूर कसा जपला गेला, कुणी जपला, त्यात काय काय घडलं एवढंच बघूया.

प्रेषितांच्या हयातीत कुराणाचं पुस्तक होतं का?

बांधलेलं पुस्तक नव्हतं. साधारण इ.स. ६१० ते ६३२ अशी बावीस-तेवीस वर्षं, आधी मक्का मग मदिना, आयती, म्हणजे कुराणातली वाक्यं, थोड्या थोड्या येत गेल्या असं मुस्लिम परंपरा सांगते, आणि मजकूर अजून वाढतच असेल तर पुस्तक बांधणार कसं. पण लिहिणं चालू होतं. मदिनेत झैद बिन साबित यांच्यासारखे लेखनिक होते, मिळेल त्यावर लिहायचे, चामड्याचे तुकडे, खजुरीच्या फांदीचे सोललेले दांडे, पातळ चपटे दगड, उंटाच्या खांद्याचं रुंद हाड. आणि खरा भर पाठांतरावर होता, कारण नमाजात रोज म्हणायचंच असायचं. त्या काळातल्या अरबांना शेकडो ओळींची कविता तोंडपाठ असणं ही काही विशेष गोष्ट नव्हती.

मग एकत्र लिहायची वेळ का आली?

लढाईमुळे. प्रेषित गेले ६३२ मध्ये, आणि लगेचच यमामाची लढाई झाली, मुसैलमा नावाच्या प्रतिस्पर्ध्याच्या विरोधात, तिच्यात कुराण पाठ असलेली बरीच माणसं मारली गेली. प्रेषितांचे साथी उमर पहिले खलिफा अबू बकर यांच्याकडे गेले आणि म्हणाले, असंच होत राहिलं तर बराच भाग हातचा जाईल. अबू बकर आधी तयारच नव्हते, जे प्रेषितांनी केलं नाही ते मी कसं करू असं त्यांचं म्हणणं. शेवटी काम झैद यांच्या गळ्यात पडलं, तरुण माणूस. बुखारींच्या हदीस संग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या आणि त्यांच्या साथींच्या हकिकतींच्या संग्रहात, झैद यांच्याच तोंडची हकीकत आहे, की मला डोंगर हलवायला सांगितला असता तर तोही यापेक्षा जड वाटला नसता.

त्याच हकिकतीत एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार विश्वासार्ह वाटते. झैद सांगतात, सूरा तौबाच्या (सूरा म्हणजे अध्याय) शेवटच्या आयती मला एकाच अन्सारी, म्हणजे मदिनेतल्या, माणसाकडे सापडल्या, अबू खुजैमा यांच्याकडे. आता हे जर नंतर कुणी रचून सांगितलं असतं तर "सगळं सगळ्यांकडे होतं" असं गुळगुळीत लिहिलं असतं ना, असली अडचणीची गोष्ट कशाला ठेवली असती.

ही पानं अबू बकर यांच्याकडे राहिली, मग दुसरे खलिफा झालेल्या उमर यांच्याकडे, मग उमर यांची मुलगी आणि प्रेषितांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडे.

तिसऱ्या खलिफांनी बाकीच्या प्रती जाळल्या हे खरं का?

खरं. आणि हे कुठल्या विरोधकाने शोधून काढलेलं नाही, बुखारींच्याच संग्रहात लिहिलंय.

झालं असं की उस्मान यांच्या काळात, साधारण ६५० च्या आसपास, आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेवर इराकची आणि सीरियाची फौज एकत्र होती, आणि कुराण म्हणताना यांचं वेगळं त्यांचं वेगळं व्हायला लागलं, भांडणं सुरू झाली. हुजैफा नावाचे सरदार तडक मदिनेला आले, म्हणाले वेळीच काहीतरी करा. उस्मान यांनी हफ्सा यांच्याकडची पानं मागवली, पुन्हा झैद यांनाच बसवलं आणि सोबत प्रेषितांच्या कुरैश टोळीचे तिघे दिले. मतभेद झाला तर कुरैशांच्या बोलीप्रमाणे लिहा, अशी सूचना. प्रती तयार करून इराकातलं कूफा आणि बसरा, सीरियातलं दमास्कस अशा ठिकाणी पाठवल्या, एक मदिनेत ठेवली, हफ्सा यांची पानं त्यांना परत केली, आणि बाकीचं जे लिहिलेलं असेल ते जाळायचा हुकूम काढला.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणासाठी, हातोहात नकलताना पाठभेद साचले होते. फरक एवढाच की नाथांच्या हातात राज्य नव्हतं आणि मधे तीनशे वर्षं गेली होती. इथे खलिफाचा हुकूम होता आणि प्रेषितांना जाऊन वीसच वर्षं झाली होती, म्हणजे त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं हयात होती. त्यामुळे मनाने काही घालणं किंवा काढणं सोपं नव्हतं. पण हेही मान्य करायला हवं की आधीच्या वेगळ्या प्रती त्यामुळे आपल्या हातातून गेल्या, अभ्यासकांना त्याची हळहळ वाटते ती उगाच नाही.

सगळ्यांनी निमूट ऐकलं का?

नाही. कूफ्यात अब्दुल्लाह बिन मसऊद होते, प्रेषितांचे अगदी सुरुवातीचे साथी, त्यांनी आपली प्रत द्यायला विरोध केला असं नोंदवलेलं आहे. मी प्रेषितांकडून सत्तरेक सूरा शिकलो तेव्हा झैद पोरसवदा होता, असा त्यांचा सूर. त्यांच्या प्रतीत फातिहा ही पहिली सूरा आणि शेवटच्या दोन छोट्या सूरा नव्हत्या असं जुने ग्रंथ सांगतात. उलट उबय्य बिन कअब यांच्या प्रतीत दोन छोटे मजकूर जास्त होते. गंमत म्हणजे ते हरवलेले नाहीतच. आपल्याकडचे हनफी पंथाचे लोक रात्री वित्रच्या नमाजात जी दुआ-ए-कुनूत (एक प्रार्थना) म्हणतात, "अल्लाहुम्म इन्ना नस्तईनुका" वाली, तिच्यात तेच शब्द आहेत. फक्त त्यांना कुराण न मानता दुआ मानतात. घाटावरच्या हनफी घरातल्या पोरांना ती लहानपणीच पाठ असते. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, त्यांची कुनूत वेगळी.

"एक नुक्ताही बदलला नाही" यात चूक काय?

चूक ही की सुरुवातीला नुक्ते जवळजवळ नव्हतेच!

अरबी लिपीत ब, त, स, न, य यांचा शब्दातला सांगाडा एकसारखा दिसतो, वेगळेपण नुक्त्यांनी कळतं. हिजरी पहिल्या शतकातल्या प्रतींत नुक्ते अगदी तुरळक, आणि ऱ्हस्व स्वरांच्या खुणा मुळीच नाहीत. या नुसत्या सांगाड्याला रस्म म्हणतात. ज्याला पाठ आहे तोच ते धड वाचू शकणार, म्हणजे लिखाण हे आठवणीला टेकू म्हणून होतं. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, अरबी ज्यांची भाषा नाही अशी माणसं वाचायला लागली, तेव्हा चुका वाढल्या आणि मग खुणा आल्या. बसऱ्याच्या अबुल अस्वद दुअली यांचं नाव यात पहिलं घेतात, स्वरांसाठी रंगीत ठिपके. आज आपण जबर, जेर, पेश म्हणून ओळखतो त्या खुणा आठव्या शतकातल्या खलील बिन अहमद यांच्या नावावर आहेत.

तेव्हा नीट बोलायचं तर असं बोला, की सांगाडा फार लवकर पक्का झाला आणि खुणा नंतर चढल्या. हे दावा म्हणून थोडं कमी चमकदार आहे पण टिकतं.

मग सात किराअत, दहा किराअत म्हणजे वेगवेगळी कुराणं का?

वेगळी पुस्तकं नाहीत, एकाच सांगाड्याचं वाचन करायच्या वेगवेगळ्या मान्य रीती. फातिहातलंच घ्या. आपल्याकडे "मालिकि यौमिद्दीन" म्हणतात, मोरोक्कोत "मलिकि यौमिद्दीन" ऐकाल. जुन्या लिखाणात मीम-लाम-काफ (म, ल, क) एवढीच अक्षरं, त्यामुळे दोन्ही बसतं. कधी कधी अर्थही हलतो, सूरा आले-इम्रानच्या १४६ व्या आयतीत एका वाचनात प्रेषितांसोबतचे लोक "लढले" येतं, दुसऱ्यात "मारले गेले". एकूण शिकवण बदलत नाही, पण "काहीच फरक नाही" असं म्हणणंही बरोबर नाही.

बगदादचे इब्न मुजाहिद, मृत्यू ९३६, यांनी सात वाचनं निवडून पक्की केली, पुढे पंधराव्या शतकात इब्न अल-जजरी यांनी आणखी तीन धरून दहा. आज जगात सर्वात जास्त चालतं ते कूफ्याच्या आसिम यांचं, त्यांचे शिष्य हफ्स यांच्या मार्फत आलेलं. भारत, पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त, सौदी सगळीकडे हेच. मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत वर्श यांचं वाचन चालतं, लिबियात कालून यांचं, सुदानात अद-दूरी यांचं. हे जुन्या आलिमांनी कधी लपवलेलं नाही, मदरशात किराअतचा वेगळा अभ्यासक्रमच असतो. फॉरवर्डवाल्यांना ते नवीन वाटतं ते सोडा.

याशिवाय उस्मान यांनी पाठवलेल्या प्रतींतही सांगाड्याचे काही बारीक फरक होते, साधारण चाळीस. एखादं "व" जास्त, तौबाच्या १०० व्या आयतीत मक्केच्या प्रतीत एक "मिन" जास्त, असले. जुन्या विद्वानांनी त्यांच्या शहरवार याद्या करून ठेवल्यात आणि आत्ता सापडलेली पानं त्या याद्यांशी जुळवली तर बऱ्यापैकी जुळतात.

आयती ६६६६ की ६२३६?

६२३६. आपल्याकडे आजही बरेच जण ६६६६ सांगतात, लक्षात राहायला सोपा आकडा आहे म्हणून असेल, पण मोजून बघा, तेवढ्या भरत नाहीत. ६२३६ ही कूफ्याची मोजणी. मदिनेच्या एका मोजणीने ६२१४ येतात. शब्द तेच, फक्त आयत कुठे संपली धरायची यावर मतभेद. फातिहा दोन्हीकडे सातच आयतींची, एकीकडे बिस्मिल्लाह धरून आणि दुसरीकडे ती सोडून शेवटची आयत दोन तुकड्यांत करून.

जुन्यात जुनी पानं कुठे आहेत आणि किती जुनी?

इथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत खरी मजा झालीये.

बर्मिंगहॅम विद्यापीठात दोन पानं आहेत, त्यांच्यावर सूरा १८ ते २० चा काही भाग. अल्फोन्स मिंगाना नावाच्या इराकमध्ये जन्मलेल्या पाद्र्याने १९२० च्या दशकात हस्तलिखितं गोळा केली, पैसे एडवर्ड कॅडबरी यांचे, हो तेच चॉकलेटवाले घराणं. ही पानं दुसऱ्याच एका प्रतीच्या पानांत बांधली गेली होती, अल्बा फेदेली या संशोधिकेच्या लक्षात आलं की ही वेगळी दिसतात. ऑक्सफर्डला कार्बन चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल जाहीर झाला, कातडं ५६८ ते ६४५ या दरम्यानचं, ९५.४ टक्के खात्रीने. त्याच प्रतीची आणखी १६ पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

आता लगेच उड्या मारू नका. चाचणी सांगते जनावर कधी मेलं ते, शाई कधी लागली ते नाही. अक्षरांच्या वळणावरून ती पानं थोडी नंतरची असावीत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तरी एवढं नक्की की दोनशे वर्षांनी रचलं ही कल्पना, जी १९७७ मध्ये जॉन वॉन्सब्रो यांनी मोठ्या अभ्यासाने मांडली होती, ती या पानांपुढे उभी राहू शकत नाही. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकवर तर हिजरी ७२ म्हणजे ६९१-९२ चा शिलालेखच आहे, त्यात कुराणातली वाक्यं आहेत, काही ठिकाणी संदर्भाप्रमाणे थोडी वळवलेली.

त्याहून भारी पुरावा मला वाटतो तो २०१९ चा, मारेन फान पुटन यांचा. कुराणात "निअमत" (कृपा) हा शब्द अल्लाहच्या नावाला जोडून बऱ्याचदा येतो, आणि त्याचा शेवटचा "त" कधी उघड्या ते ने लिहिलाय कधी गोल ह ने. नियम असा काही नाही, लिहिणाऱ्याच्या हाताला आलं तसं. त्यांनी पहिल्या काही शतकांच्या चौदा प्रती तपासल्या, तर सगळ्यांत त्याच जागी तेच स्पेलिंग. हे तोंडाने ऐकून लिहिलं तर होणं शक्य नाही, म्हणजे या सगळ्या प्रती एका लिखित मूळ प्रतीवरून उतरल्या. उस्मान यांची हकीकत जे सांगते तेच, पण कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवता, नुसत्या स्पेलिंगवरून.

सनाच्या हस्तलिखितात वेगळं कुराण सापडलं म्हणतात?

येमेनमधल्या सना शहराच्या मोठ्या मशिदीची १९७२ मध्ये दुरुस्ती चालू होती, छताच्या पोकळीत जुन्या पानांचा ढीग निघाला. कामगारांनी पोत्यांत भरून ठेवला. त्यात नवल नाही, फाटकं कुराण कचऱ्यात टाकत नाहीत, आपल्याकडेही ते पुरतात किंवा पाण्यात सोडतात, तिकडे माळ्यावर ठेवलेलं. पुढे जर्मन मदतीने साफसफाई झाली, नऊशेहून जास्त वेगवेगळ्या प्रतींचे तुकडे निघाले.

त्यातल्या एका प्रतीचं कातडं दोनदा वापरलेलं आहे. आधीचं लिखाण पुसून वर पुन्हा कुराणच लिहिलंय, आणि खालची शाई पुढे हळूहळू उमटली, अतिनील प्रकाशात ती वाचता येते. वरचा मजकूर नेहमीचा. खालचा मात्र उस्मानी परंपरेबाहेरचा आहे, शब्द मागेपुढे, समानार्थी शब्द, कुठे एखादा शब्द कमी, सूरांचा क्रमही वेगळा. जुन्या ग्रंथांत अब्दुल्लाह बिन मसऊद वगैरेंच्या प्रतींबद्दल जे सांगितलंय त्या जातीचे फरक. म्हणजे जाळण्याच्या हुकुमातून सुटलेला एक नमुना आपल्या हाताला लागला. आणि त्यात तेच पुस्तक आहे, त्याच सूरा त्याच आयती, वेगळ्या धर्माचं काही निघालं नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांची यात थोडी निराशा होते.

उस्मान यांची स्वतःची प्रत ताश्कंदला आहे ना?

तसा मान आहे तिला. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या प्रतीलाही आहे. पण लिपी बघता दोन्ही नंतरच्या काळातल्या आहेत असं अभ्यासक सांगतात.

शिया लोकांचं कुराण वेगळं असतं का?

नाही. इराणात छापलं जातं तेही हफ्सचंच, ११४ सूरा, तोच मजकूर. काही जुन्या शिया ग्रंथांत बदल झाल्याच्या रिवायती (परंपरेने आलेल्या हकिकती) आहेत पण त्यांच्या मुख्य विद्वानांनी त्या मानलेल्या नाहीत. अर्थ लावण्यात मतभेद भरपूर, तो वेगळा विषय.

आजही लोक खरंच पूर्ण पाठ करतात? चूक झाली तर?

करतात, आणि तुमच्या शहरात, मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मिरज कुठेही, अशी पोरं असतील. हिफ्जच्या, म्हणजे कुराण पाठ करायच्या, मदरशात दिवस तीन भागांत जातो. सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचं, आणि मंझिल किंवा आमुख्ता म्हणजे जुनं पाठ झालेलं फिरवत राहायचं. खरी मेहनत तिसऱ्यातच, कारण नवीन चढतं तसं जुनं उतरतं. दोन-तीन वर्षं तरी जातात. मुलं शेवटपर्यंत एकाच छापाचं हाफिजी कुराण वापरतात, पान आयत संपते तिथेच संपतं, आणि आयत डोळ्यासमोर येते ती "डावीकडच्या पानावर वरून तिसरी ओळ" अशी. मधेच छाप बदलला तर पोरगं गडबडतं.

सर्वात जास्त घसरतात ते सारख्या दिसणाऱ्या आयतींवर. सूरा बकराच्या ६२ मध्ये "वन्नसारा वस्साबिईन" आहे, सूरा माइदाच्या ६९ मध्ये "वस्साबिऊन वन्नसारा". क्रम उलटा, शेवट वेगळा. एका सूरेत चालता चालता माणूस कधी दुसऱ्या सूरेत पोचला ते त्यालाच कळत नाही.

म्हणूनच रमजानमधली तरावीह, म्हणजे रात्रीची खास नमाज, महत्त्वाची. बऱ्याच मशिदींत रोज एक ते सव्वा पारा (पारा म्हणजे कुराणाचा तिसावा भाग) असं करत सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत पूर्ण कुराण ऐकवतात. इमामाच्या मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज (कुराण पूर्ण पाठ असलेला) उभा असतो, त्याला सामे म्हणतात, पुढचा चुकला की मागून लगेच बरोबर शब्द देतो, याला लुकमा देणं म्हणतात. नमाज न थांबवता, सगळ्यांच्या देखत. दरवर्षी, गल्लोगल्ली, हजारो मशिदींत ही अशी जाहीर तपासणी होत असेल तर एखाद्याने गुपचूप शब्द बदलायचा म्हटलं तरी जमणार कसं. माझ्या मते लिखित प्रतींइतकंच श्रेय या सामेला आहे आणि त्याचं नाव कुठल्याच यूट्यूब व्हिडिओत येत नाही.

छापील कुराण कधीपासून?

पहिलं अरबी छापील कुराण व्हेनिसला, १५३७-३८ च्या सुमारास, पागानीनी नावाच्या छापखानदारांनी काढलं. धंदा म्हणून, आणि सपशेल आपटलं, चुका इतक्या की कोण मुसलमान घेणार. त्याची एकच प्रत उरलीये, ती १९८७ मध्ये व्हेनिसच्याच एका मठात जाहीर झाली.

आपल्याकडे गाडी शिळाप्रेसमुळे सुटली. कातिबाच्या, म्हणजे हस्तलेखकाच्या, हाताचं वळण दगडावरून जसंच्या तसं उतरतं, खिळे जुळवायची कटकट नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात मुंबई, लखनौ, कानपूर इथून कुराणं छापून निघायला लागली. लखनौचा १८५८ चा नवल किशोर प्रेस यात मोठं नाव, मालक हिंदू.

१९२४ ला कैरोत सरकारी समितीने एक आवृत्ती काढली, हफ्सच्या वाचनाप्रमाणे, आणि आजची बहुतेक अरबी छपाई तिच्या वळणावर जाते. मग १९८० च्या दशकात मदिनेचा किंग फहद छापखाना आला, उस्मान ताहा यांचं हस्ताक्षर, ६०४ पानं, पानाला १५ ओळी. हाजी लोक तिथून हीच प्रत घेऊन येतात आणि घरी आजीला ती वाचता येत नाही, कारण आपल्याकडच्या छापात स्वरखुणा, थांबायच्या खुणा, समासातला रुकूचा ऐन (परिच्छेदाची खूण), सगळं वेगळं. मजकूर तोच आहे, घाबरू नका. तोच छापखाना आपल्या वळणाचीही प्रत काढतो, मागून घ्या.

म्युनिकची लपवलेली फिल्म ही काय भानगड?

खरी आहे आणि सिनेमासारखी आहे. १९३० च्या दशकात बर्गश्ट्रेसर आणि त्यांच्यानंतर प्रेट्झल या म्युनिकच्या जर्मन अभ्यासकांनी जुन्या प्रतींचे फोटो काढून फिल्मचे साधारण ४५० रोल जमवले. पहिले १९३३ मध्ये डोंगरात अपघातात गेले, दुसरे १९४१ मध्ये विमान अपघातात. तिसरे श्पिटालर, त्यांनी सांगितलं की १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात सगळं जळालं. जळालं नव्हतं, त्यांच्याकडेच होतं! म्हातारपणी त्यांनी ते अँगेलिका नॉयवर्थ यांच्याकडे दिलं. का दडवलं यावर अनेक तर्क चालतात, पण फोटोंत स्फोटक असं काही नव्हतं. २००७ मध्ये कॉर्पस कोरानिकुम नावाच्या प्रकल्पाने त्यांच्यावर काम सुरू केलं.

मला स्वतः बघायचं असेल तर?

बर्मिंगहॅमची पानं आणि कॉर्पस कोरानिकुमचे फोटो ऑनलाइन फुकट आहेत, झूम करून बघा. भारतात रामपूरच्या रझा लायब्ररीत कातड्यावरचं, कूफी लिपीतलं एक कुराण आहे, हजरत अली यांच्या हातचं म्हणून मानतात, आणि हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये कुराणांचा वेगळा संग्रह आहे. जाण्याआधी कुणा हाफिजला सोबत घ्या. बिनानुक्त्याचं पान तुम्हाला आम्हाला नुसत्या रेघा वाटेल, त्याला पहिले दोन शब्द लागले की पुढचं पान न बघता म्हणून दाखवेल.